न जुळणाऱ्या बेरजांचा माग घेणारे कर्नल लॅम्बटन

वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट हे गाव कापसाच्या बाजारपेठेमुळे पूर्वापार ओळखले जाते. जानेवारी १८२३ मध्ये हैदराबादहून नागपूरकडे निघालेल्या एका मोजणी पथकाचा तळ येथे पडला होता. त्या तळावरच सत्तरीच्या घरातील एका इंग्रज अधिकाऱ्याने अखेरचा श्वास घेतला. लेफ्टनंट कर्नल विल्यम लॅम्बटन हे त्यांचे नाव. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे ते जनक. जगातील सर्वोच्च शिखराला ज्यांचे नाव मिळाले ते जॉर्ज एव्हरेस्ट हे लॅम्बटन यांचे सहायक आणि वारसदार. वारसदाराचे नाव शाळकरी मुलांनाही पाठ असते. ज्यांनी हे काम उभे केले त्यांची कबर मात्र विदर्भात आहे, याची विदर्भालाही फारशी आठवण नसते.

हिंगणघाटपासून सरळ रेषेत साठेक किलोमीटरवर, पुलगाव-आर्वी मार्गावर रोहणा हे गाव आहे. ७८ अंश पूर्व रेखांश या गावापासून फार दूर नाही. लॅम्बटन यांनी कन्याकुमारीच्या टोकाजवळून उत्तरेकडे नेलेली त्रिकोणांची मुख्य साखळी याच रेखांशाच्या आसपासने सरकत वऱ्हाडापर्यंत पोहोचली. रोहण्यासारख्या गावाचे नकाशावरील स्थान कोणी कन्याकुमारीपासून दोरी टाकून ठरविलेले नाही. एका बिंदूवरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा, अशा असंख्य जोडण्यांतून गावोगावची स्थाने निश्चित होत गेली. या जोडण्यांपैकी एखादी चुकली, तर पुढचे प्रत्येक गाव चुकीच्या जागी जाऊन बसणार. मग ती चूक सापडायची कशी? तपासणीत अनपेक्षित आकडा आला तर दोष कोणाला द्यायचा, मापाला, यंत्राला की तपासणीच्या नियमाला? लॅम्बटन यांच्या आयुष्यातील वीस-बावीस वर्षे या प्रश्नाचा पाठपुरावा करण्यात गेली.

लॅम्बटन यांचा जन्म यॉर्कशायर परगण्यातील नॉर्थॅलर्टनजवळचा, साधारण १७५३ च्या सुमाराचा. घरची परिस्थिती बेताची होती. गणितातील गती पाहून गावच्या चार प्रतिष्ठितांनी शिक्षणाला हातभार लावला. १७८१ मध्ये त्यांना सैन्यात कनिष्ठ अधिकाऱ्याची जागा मिळाली. त्यानंतर अमेरिकेतील युद्ध, यॉर्कटाउनच्या शरणागतीत पत्करावी लागलेली कैद, आणि पुढे कॅनडाच्या न्यू ब्रन्स्विक प्रांतात बराकींच्या देखरेखीची तेरा वर्षांची नीरस नोकरी. तेथे सीमेच्या मोजणीचे थोडेफार काम त्यांच्या वाट्याला आले. सूर्यग्रहण पाहताना पुरेशी काळजी न घेतल्याने एका डोळ्याची दृष्टी कायमची अधू झाली, तीही तेथेच. बढती नाही, युद्ध नाही, समाजात उठबस नाही. या रिकाम्या वर्षांत त्यांनी उच्च गणित आणि भूमापनशास्त्राची पुस्तके अक्षरशः पिंजून काढली. चाळिशी उलटलेल्या या अधिकाऱ्याची पलटण १७९६ मध्ये हिंदुस्थानात निघाली नसती, तर त्यांचे नाव इतिहासात आले असते काय, याची शंकाच वाटते.

त्या ३३ व्या पलटणीचे प्रमुख होते आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचे ड्यूक ऑफ वेलिंग्टन. १७९९ मध्ये टिपू सुलतानाविरुद्धच्या चौथ्या म्हैसूर युद्धात लॅम्बटन जनरल बेअर्ड यांच्या हाताखाली होते. एका रात्री बेअर्ड यांची तुकडी शोधमोहिमेवरून छावणीकडे परतत होती. आकाशातील तारे पाहून लॅम्बटन यांच्या लक्षात आले की, आपण दक्षिणेला नव्हे तर उत्तरेला, थेट शत्रूच्या तळाच्या रोखाने चाललो आहोत. बेअर्ड यांनी प्रथम हे मानले नाही. होकायंत्र काढून पाहिल्यावर मात्र तुकडी तातडीने माघारी वळविण्यात आली. वाटाड्या सांगतो आणि रस्ता दिसतो, म्हणून दिशा बरोबर असे लॅम्बटन यांनी गृहीत धरले नाही. त्या दोहोंशी संबंध नसलेली तिसरी साक्ष त्यांनी काढली. सर्वेक्षणातील त्यांची पुढची सारी पद्धत या एका रात्रीत दिसते.

श्रीरंगपट्टण पडल्यावर लॅम्बटन यांनी द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत गणिती मोजणी करण्याचा प्रस्ताव मांडला आणि वेलस्लींच्या पाठबळाने तो मंजूर झाला. यंत्रांची कथा एखाद्या साहसकथेत शोभावी अशी आहे. १०० फूट लांबीची पोलादी साखळी मुळात लॉर्ड मॅकार्टनी यांच्या शिष्टमंडळाने चीनच्या सम्राटासाठी नेलेल्या सामानातील. ती तेथून परतून कोलकात्यात विक्रीस आली होती. अर्ध्या टनाच्या घरातले थिओडोलाइट इंग्लंडहून येताना फ्रेंचांच्या हाती लागले, मॉरिशसला गेले आणि तेथल्या फ्रेंच गव्हर्नरने ते सन्मानाने मद्रासला धाडून दिले.

१० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंट परिसरात आधाररेषेच्या मोजणीला प्रारंभ झाला. साडेसात मैलांच्या या एका रेषेला ऐन उन्हाळ्यातले दीड-दोन महिने लागले. साखळी लाकडी पेट्यांत ताणून धरायची, पेट्या तिवयांवर समपातळीत ठेवायच्या, जवळ तापमापक ठेवून प्रत्येक वेळचे तापमान टिपायचे, आणि असे सुमारे चारशे वेळा. हा खटाटोप वायफळ नव्हता. उन्हाने पोलाद प्रसरण पावते. शंभर फुटांच्या साखळीत एका फॅरनहाइट अंशाला इंचाच्या हजार भागांपैकी सात-आठ भागांचा फरक पडतो. ऐकायला हे नगण्य वाटते. पण तापमानातील दहा अंशांचा फरक हिशेबात धरला नाही, तर साडेसात मैलांत अडीच फुटांची चूक होते.

एकदा ही रेषा हाती आली की पुढे साखळी लागत नाही. रेषेच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या टेकडीवरील निशाणाचे कोन मोजायचे आणि गणिताने त्रिकोणाच्या उरलेल्या दोन बाजू काढायच्या. त्यातली एक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. टेकड्या हे बिंदू, दृष्टिरेषा हे त्यांना जोडणारे दुवे, आणि बघता बघता सारा मुलूख त्या जाळ्यात येतो. गणितात अशा बिंदू-दुव्यांच्या जाळ्याला ग्राफ म्हणतात. आज संगणकांमध्ये माहितीचे प्रचंड साठे याच स्वरूपात ठेवले जातात आणि नियमांच्या चाळणीतून तपासले जातात. त्या क्षेत्रातील मंडळींना भंडावणाऱ्या अडचणी लॅम्बटन यांनी तंबूत, मेणबत्तीच्या उजेडात अनुभवल्या होत्या, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

पहिला नियम शाळेतला. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश. पण हा नियम सपाट कागदावरचा आहे. पृथ्वी गोल असल्याने तिच्या पाठीवरच्या मोठ्या त्रिकोणाची बेरीज १८० अंशांपेक्षा किंचित जास्त भरते. दर ७६ चौरस मैलांमागे सुमारे एक विकला, म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. तीस मैल बाजूचा त्रिकोण असेल तर पाच विकला जास्त यायलाच हव्यात. शाळेतला नियम कडकपणे लावणारा मोजणीदार येथे नेमका फसतो. उत्तम मोजलेला त्रिकोण तो चुकीचा ठरवतो आणि योगायोगाने १८० भरलेला सदोष त्रिकोण पास करतो.

नियम योग्य असला तरी धोका संपत नाही. एका कोनात दोन विकला जास्त आणि दुसऱ्यात दोन कमी मोजल्या गेल्या, तर बेरीज तंतोतंत जुळते. तिसऱ्या टेकडीवर जाण्याचे कष्ट टाळून तिथला कोन वजाबाकीने काढला, तर बेरीज जुळणारच. कारण ती जुळवूनच आणलेली असते. तपासणीत दोष दिसला नाही याचा अर्थ तपासणी झाली असाच होतो असे नाही.

या सर्वांहून घातक चूक आधाररेषेतील. मूळ रेषा हजारात एका भागाने जास्त मोजली गेली, तर जाळ्यातला प्रत्येक त्रिकोण त्याच प्रमाणात मोठा होतो. कोन तेच राहतात, बेरजा जुळतात, एकाही त्रिकोणात खोट दिसत नाही, आणि सारा नकाशा मात्र चुकलेला असतो. जाळ्याच्या आतून ही चूक कधीही सापडणार नाही. म्हणून लॅम्बटन यांनी ठरावीक अंतरांवर नव्या आधाररेषा प्रत्यक्ष मोजण्याचा नियम घालून घेतला. पहिली मोठी कसोटी १८०४ मध्ये बंगळुरूला लागली. मद्रासपासून सुमारे दोनशे मैलांची त्रिकोणांची साखळी ओलांडून गणिताने काढलेली लांबी आणि जमिनीवर साखळीने मोजलेली लांबी यांत चार इंचांहूनही कमी फरक निघाला. पुढे कोइमतूर, तिरुनेलवेली, गुत्ती, बिदर अशा ठिकाणी त्यांनी ही कसोटी पुनःपुन्हा लावून घेतली.

पश्चिम किनारा गाठल्यावर आणखी एक धक्कादायक निष्कर्ष पुढे आला. मद्रास ते मंगळूर ही द्वीपकल्पाची रुंदी तोवरच्या नकाशांत सुमारे ४०० मैल दाखविली जात असे. लॅम्बटन यांच्या हिशेबाने ती ३६० मैलांच्या आसपास आली. चाळीस मैलांचा मुलूख नकाशावरून नाहीसा झाला! नवा माणूस चुकला असावा, असे मानणे येथे सोपे होते. हिंदुस्थानच्या नकाशाचे नामवंत कर्ते जेम्स रेनेल यांचा या खर्चिक पद्धतीला लंडनमध्ये विरोधच होता. ग्रह-ताऱ्यांच्या वेधांनी ठिकाणे ठरवून रस्त्यांची मोजणी त्यांना जोडली तर काम स्वस्तात होईल, असे त्यांचे मत होते. राजज्योतिषी नेव्हिल मॅस्केलिन यांनी लॅम्बटन यांची बाजू घेतल्यावर वातावरण निवळले. जुन्या नकाशांतील अंतरे बव्हंशी प्रवासाच्या वाटांवरून अजमावलेली होती आणि त्यांना उलट तपासणारी दुसरी वाटच उपलब्ध नव्हती. लॅम्बटन यांच्या जाळ्यात कोणत्याही ठिकाणी दोन-तीन निरनिराळ्या वाटांनी पोहोचता येत असे. न जुळणारा आकडा आला की तो कोणत्या वाटेने आला हे शोधता येई.

तंजावरचा अपघात

१८०८ मध्ये काम कावेरीच्या खोऱ्यात पोहोचले. सरफोजीराजे भोसले यांच्या तंजावरचा हा परिसर. सपाट, झाडीने भरलेला, टेकडी औषधालाही नाही. तेव्हा मंदिरांच्या उंच शिखरांचाच आधार घेण्याचे ठरले. बृहदीश्वर मंदिरावर ते अर्ध्या टनाचे थिओडोलाइट चढविताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळले. कोन वाचण्याचे मुख्य वर्तुळच वाकले. इंग्लंडहून नवे यंत्र मागविण्यात वर्षे गेली असती. लॅम्बटन यांनी ते यंत्र घेऊन सहा आठवडे स्वतःला कोंडून घेतले. मुख्य कारागिराखेरीज कोणालाही आत प्रवेश नव्हता. यंत्राचा सुटा सुटा भाग वेगळा करून, पाचरी, स्क्रू आणि कप्प्यांच्या साह्याने ते वर्तुळ केसाकेसाने ओढून त्यांनी पुन्हा गोलाकार केले.

सहा आठवड्यांनी दुरुस्त झालेले यंत्र पूर्वीइतके निर्दोष असेल, या भ्रमात राहण्याचे कारण नव्हते. वर्तुळाच्या एका भागात उरलेला वाकडेपणा प्रत्येक वेळी तीच चूक करणार, आणि तीच चूक पुनःपुन्हा आली की ती चूक वाटेनाशी होते. यावर उपाय एकच: तोच कोन वर्तुळाच्या निरनिराळ्या भागांवर मोजायचा आणि त्या साऱ्यांची सरासरी घ्यायची. हे यंत्र पुढे अनेक वर्षे कामात राहिले. एव्हरेस्ट यांनी नंतर त्याबद्दल नाके मुरडली, तो भाग वेगळा.

ओळंबाही वळतो

दक्षिणोत्तर साखळीत मात्र लॅम्बटन यांच्यापुढे खरे कोडे उभे राहिले. या साखळीचा हेतू केवळ नकाशाचा नव्हता. अक्षांशाच्या एका अंशाची जमिनीवरील लांबी काढून पृथ्वीचा आकार ठरविणे, ही त्यांची मूळ आस होती. त्यासाठी डोक्यावरून जाणाऱ्या ताऱ्यांचे वेध घेऊन ठिकठिकाणचे अक्षांश काढायचे आणि त्रिकोणांनी काढलेल्या अंतराशी त्यांचा मेळ घालायचा. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी असल्याने उत्तरेकडे जाताना अंशाची लांबी थोडी थोडी वाढायला हवी. लॅम्बटन यांच्या आकड्यांत काही टप्प्यांवर ती कमी होताना दिसू लागली.

त्यांनी आधी स्वतःची मोजणी तपासली, मग यंत्र, मग गणित. त्रिकोणांत दोष दिसेना, आधाररेषा जुळत होत्या. संशय हळूहळू बंगळुरूजवळच्या दोड्डगुंटा या एका स्थानकावर येऊन थांबला. ते वगळून शेजारची टोके जोडली की गोंधळ बराचसा निवळत होता. तेथला आकडा चुकीचा मोजलेला नव्हता. ज्या ओळंब्याच्या भरवशावर तो मोजला, तो ओळंबाच सरळ खाली लोंबत नव्हता. आसपासच्या भूगर्भातील जड द्रव्य त्याला किंचित बाजूला ओढत असावे, असा निष्कर्ष लॅम्बटन यांनी काढला. डोंगराच्या ओढीने ओळंबा वळतो हे युरोपातील प्रयोगांनी तोवर दाखविले होते. पण येथे डोंगर नव्हता, जे काही होते ते जमिनीखाली अदृश्य होते. सर्वेक्षणातील प्रत्येक यंत्र ओळंब्यावर बेतलेले. त्याच्यावरच संशय घेण्यास धाडस लागते, आणि बाकी सर्व शक्यता आधी निकालात काढल्याशिवाय ते धाडस निव्वळ पळवाट ठरते.

१८१८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात या कामाचा गोषवारा प्रसिद्ध झाला. जवळपास दहा अंशांचा, म्हणजे कन्याकुमारी परिसरापासून बिदरच्या आसपासपर्यंतचा तो कंस होता. पृथ्वीचा चपटेपणा त्यांनी ३१० पैकी सुमारे १ असा दिला. आजचे मान्य मूल्य २९८ पैकी सुमारे १ आहे. आदल्याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले होते. १ जानेवारी १८१८ पासून हे काम मद्रास सरकारकडून थेट गव्हर्नर जनरलच्या अखत्यारीत आले, त्याला महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण हे नाव मिळाले आणि तरुण कॅप्टन एव्हरेस्ट मदतीला रुजू झाले.

लॅम्बटन तोपर्यंत पासष्टीच्या घरात पोहोचले होते. मुक्काम हैदराबादला असे. खोकल्याने शरीर पोखरले होते, तरीही काम उत्तरेला सरकत होते, तसे मुख्यालयही नागपूरला हलविण्याचे त्यांनी ठरविले. नागपूर तेव्हा भोसल्यांचे. सीताबर्डीच्या लढाईनंतर रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स यांच्या हाती तेथला कारभार होता. निजामाची हद्द ओलांडून पथक भोसल्यांच्या मुलखात शिरले. नागपूर चार-पाच मजलांवर राहिले असताना हिंगणघाटला हा प्रवास थांबला. तोवर सुमारे १ लाख ६५ हजार चौरस मैलांचा मुलूख त्यांच्या जाळ्यात आला होता.

सर्वेक्षणाची सूत्रे एव्हरेस्ट यांच्याकडे गेली. वऱ्हाडातील टाकळखेडा येथून साखळी मध्य भारतातील सिरोंजजवळच्या कल्याणपूरपर्यंत आणि पुढे हिमालयाच्या पायथ्याकडे नेण्यात आली. नवी यंत्रे आल्यावर एव्हरेस्ट यांनी गुरूचे बरेचसे काम पुन्हा मोजून घेतले. बिदरची आधाररेषा १८४१ मध्ये नव्याने मोजली गेली. सिरोंजपासून सव्वाचारशे मैल त्रिकोणांनी आणलेला हिशेब आणि प्रत्यक्ष मोजणी यांत सव्वाचार इंचांच्या आसपास फरक निघाला.

लॅम्बटन यांचा संशय मात्र यंत्रे बदलूनही सुटला नाही. मुजफ्फरनगरजवळचे कलियाना आणि कल्याणपूर या दोन स्थानकांमधील अंतर त्रिकोणांनी एक आणि ताऱ्यांनी दुसरे दाखविले. फरक ५.२३६ विकलांचा, जमिनीवर सुमारे ५५० फुटांचा. हिमालय ओळंब्याला ओढतो हे स्पष्टीकरण हाताशी होते. १८५५ मध्ये कोलकात्यातील पाद्री जॉन प्रॅट यांनी हिमालयाच्या वस्तुमानाचा हिशेब मांडून पाहिला, तेव्हा नवेच कोडे निघाले. हिशेबाप्रमाणे ही ओढ १५.८८५ विकलांची यायला हवी होती, म्हणजे प्रत्यक्षाच्या तिपटीने. आता फरक का पडला हा प्रश्न उरला नव्हता. इतका कमी का पडला, हे सांगणे भाग होते. पर्वतांखालचे खडक तुलनेने हलके असावेत, असे उत्तर जॉर्ज एअरी आणि प्रॅट यांनी आपापल्या परीने दिले. पर्वत भूकवचात समतोल राखून कसे उभे असतात, याचे आजचे शास्त्र त्या उत्तरांतून उभे राहिले.